हाताने भरलेले काडतूस आणि युद्धाची बाजारपेठ

अमेरिकेतील व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने आपला काडतूस विभाग नोव्हेंबर २०२४ मध्ये चेकोस्लोव्हाक ग्रुप या झेक शस्त्रनिर्मिती समूहाच्या स्वाधीन केला. सुमारे २ अब्ज २२ कोटी डॉलरच्या या व्यवहाराची चर्चा प्रामुख्याने आर्थिक आणि संरक्षणविषयक वर्तुळात झाली. मात्र या बातमीकडे आणखी एका वर्गाचे बारकाईने लक्ष होते. लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत भाग घेणारे आणि आपली काडतुसे घरच्या बाकावर स्वतःच्या हाताने भरणारे हजारो हौशी खेळाडू, हा तो वर्ग होय. काडतुसाच्या बुडाशी बसणारी आणि ठिणगी देणारी छोटी टोपी, म्हणजेच प्रायमर, अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर बनविणारी चार प्रमुख नावे आहेत. त्यांपैकी फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन ही तीन नावे या व्यवहाराने युरोपला तोफगोळे पुरविणाऱ्या समूहाकडे गेली. चौथे नाव विंचेस्टरचे.

भारतात नेमबाजी म्हटले की १० मीटर एअर रायफल किंवा ५० मीटरवरील .२२ रायफल डोळ्यांसमोर येते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील अनेक देशांत मात्र ३०० मीटरपासून १००० यार्डांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटर अंतरावरील स्पर्धांची जुनी परंपरा आहे. एफ-क्लास हा त्यातील तुलनेने नवा प्रकार. वयोमानाने नजर क्षीण झालेल्या नेमबाजांनाही खेळता यावे, यासाठी दुर्बीण आणि टेकू वापरण्याची मुभा देणारा हा प्रकार जॉर्ज फारकरसन या कॅनेडियन नेमबाजाच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील नियमांनुसार १००० यार्डांवर दहा गुणांचे वर्तुळ १० इंच व्यासाचे असते आणि त्याच्या आत ५ इंचांचे एक्स वर्तुळ असते. गुण सारखे झाल्यास निकाल या आतल्या वर्तुळावर लागतो. अर्ध्या मैलाहून थोड्या अधिक अंतरावरून जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात एकामागून एक वीस गोळ्या बसविण्याचा हा खेळ आहे. दुकानातून आणलेल्या सर्वसाधारण काडतुसांवर तो जिंकणे कठीण असते.

सारखेपणाची साधना

काडतुसाचे घटक चारच. पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. कारखान्यात तयार होणारे काडतूस त्या मापाच्या बाजारातील प्रत्येक रायफलीत बसले पाहिजे, अशा बेताने बनविलेले असते. त्यामुळे ते कोणत्याच रायफलीत अगदी नेमके बसत नाही. तयार कपड्यांच्या दुकानातील सदरा आणि शिंप्याकडून मापाने शिवून घेतलेला सदरा यांत जो फरक, तोच येथे आहे. हाताने भरलेले काडतूस एकाच रायफलीच्या एकाच नळीसाठी बेतलेले असते आणि दुसऱ्या रायफलीत ते कदाचित वाईटही चालेल.

गोळी झाडली की दाबामुळे पुंगळी फुगते आणि रायफलीच्या कोठीचा आकार घेते. ती रिकामी पुंगळी नेमबाज जपून ठेवतो. पुन्हा भरताना तिला साच्यातून काढले जाते, पण तिचा खांदा एक-दोन सहस्रांश इंचाहून अधिक मागे ढकलला जाणार नाही, याची काळजी घेतली जाते. पितळ वारंवार ताणले गेल्याने कडक होते. म्हणून पुंगळीची मान ठरावीक आचेवर क्षणभर तापवून पुन्हा मऊ केली जाते. मान सर्व पुंगळ्यांत सारखी मऊ नसेल तर गोळीवरील पकड कमीजास्त होते आणि गोळी सुटण्याचा क्षण बदलतो. पुंगळीची लांबी छाटून सारखी करणे, प्रायमरचा खळगा साफ करणे, गोळी किती खोल बसवायची ते ठरविणे, ती सरळ रेषेत बसली की नाही हे डायल लावून पाहणे, अशी ही कामांची मालिका असते. एका स्पर्धेपुरत्या काडतुसांसाठी दोन-तीन संध्याकाळ सहज जातात.

यांत सर्वाधिक चर्चा होते ती दारूच्या मापाची. हे माप ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. आजचे चांगले इलेक्ट्रॉनिक काटे ग्रेनच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत वजन दाखवतात. ते वजन साधारणतः दारूच्या एका बारीक दाण्याएवढे असते. एवढ्या काटेकोरपणाचे कारण पल्ल्यात आहे. .३०८ रायफलीतून १५५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २९५० फूट वेगाने निघते, असे धरू. त्या वेगात एक टक्का, म्हणजे तीस फुटांचा फरक पडला, तर १००० यार्डांवर गोळी सुमारे आठ-नऊ इंच वर किंवा खाली लागते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पाच इंच आहे, हे लक्षात घेतले की एका टक्क्याने काय गमावते ते वेगळे सांगावे लागत नाही. १०० यार्डांवर हाच फरक डोळ्यांना दिसणारही नाही.

दारूचे माप वाढवीत जाण्याला सुरक्षेची स्पष्ट मर्यादा आहे. दारू आणि गोळ्या बनविणाऱ्या कंपन्या प्रत्येक जोडीसाठी आरंभीच्या आणि कमाल मापांची कोष्टके प्रसिद्ध करतात. कमाल माप ओलांडल्यास दाबाने रायफलीचा मागील भाग फुटून नेमबाजाचे डोळे आणि हात निकामी होऊ शकतात. दारूचा नवा लॉट आणला की, नाव तेच असले तरी, माप थोडे खाली घेऊन पुन्हा वर चढत जाण्याचा दंडक आहे. दारूच्या दोन लॉटांच्या जळण्याच्या वेगात थोडा फरक असतोच. हा साधा नियम पुढे तुटवड्याच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो.

तीन गोळ्यांचा पुरावा

उत्तम माप शोधायचे कसे, याविषयी या खेळात अनेक दशके एक ठरलेली रीत होती. क्रेटन ऑडेट या अमेरिकी नेमबाजाच्या नावाशी जोडलेली शिडीची पद्धत तिच्या मुळाशी आहे. दारूचे माप थोडेथोडे वाढवीत एकेक गोळी दूरच्या लक्ष्यावर झाडायची आणि लागोपाठची मापे ज्या ठिकाणी जवळजवळ एकाच उंचीवर लागतील, तेथे त्या नळीचा अनुकूल टप्पा आहे, असे मानायचे. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. दहा मापे, प्रत्येकी तीन गोळ्या आणि सर्वांत लहान गट देणारे माप विजयी, हा त्यांतील सर्वांत प्रचलित प्रकार.

या पद्धतीला गेल्या काही वर्षांत जोरदार आव्हान मिळाले. २०२२ मध्ये गोळ्या आणि काडतुसे बनविणाऱ्या होर्नाडी या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञांनी आपल्या पॉडकास्टमधून सांगितले की नेमबाज ज्या तीन किंवा पाच गोळ्यांच्या गटांवर निष्कर्ष काढतात, ते गट मुळात फार अपुरे आहेत. रायफल आणि काडतूस यांची खरी क्षमता कळण्यासाठी वीस-तीस गोळ्या तरी लागतात. दशकानुदशके ज्याला अनुकूल टप्पा म्हटले गेले, तो अनेकदा केवळ योगायोग असतो, असा याचा अर्थ होता. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस गार्मिन कंपनीचे तळहाताएवढे रडार यंत्र बाजारात आले आणि प्रत्येक गोळीचा वेग मोजणे सामान्य खेळाडूच्या आवाक्यात आले. आकडे हाती येताच वाद अधिकच पेटला.

संख्याशास्त्राची बाजू समजण्यास अवघड नाही. समजा, एखाद्या नेमबाजाने पाच गोळ्यांचा वेग मोजला आणि त्यांचे प्रमाण विचलन ५ फूट आले. ही फार चांगली काडतुसे, असे तो म्हणेल. परंतु केवळ पाच गोळ्यांवरून, पंच्याण्णव टक्के खात्रीने बोलायचे तर, खरे विचलन ३ फुटांपासून १४ फुटांपर्यंत कोठेही असू शकते. तीनच गोळ्या असतील तर ती वरची मर्यादा ३० फुटांच्याही पुढे जाते. तीस गोळ्या झाडून तेच ५ फूट आले, तर मात्र पल्ला ४ ते ७ फुटांच्या आत येतो. दहा जणांनी प्रत्येकी तीनदा कवड्या टाकल्या आणि एकाला मोठे दान पडले, म्हणून त्याच्या हातात कसब आहे, असे कोणी म्हणत नाही. दहा मापांपैकी एकाला लहान गट आला म्हणून ते माप श्रेष्ठ ठरविणे याच जातीचे आहे.

जुन्या पद्धतीचे समर्थक याला उत्तर देतात ते पदकांच्या आधारे. या रीतीने मापे शोधूनच विक्रम झाले आहेत, असे ते म्हणतात. तेही अगदी खोटे नाही. १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी घडविलेल्या ६ पीपीसी या काडतुसाचे बेंचरेस्ट स्पर्धांमध्ये दीर्घकाळ वर्चस्व राहिले आहे. हे नेमबाज तर स्पर्धेच्या मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत, हवामान पाहून दारूचे माप कमीजास्त करतात. त्या खेळात निकाल मात्र एका गटावर नव्हे, तर पाच गोळ्यांच्या पाच गटांच्या सरासरीवर ठरतो. म्हणजे पंचवीस गोळ्यांचा पुरावा तेथे नियमातच आहे.

दोन्ही बाजूंचे म्हणणे पाहता एक गोष्ट स्पष्ट दिसते. वाईट माप ओळखायला थोड्या गोळ्या पुरतात. ते पहिल्या तीन-चार छिद्रांतच आपले स्वरूप दाखविते. दोन चांगल्या मापांतील अधिक चांगले कोणते, हे ठरवायला मात्र फार गोळ्या लागतात आणि त्या झाडल्यानंतर मिळणारा फरक बहुधा नगण्य असतो. त्याच १००० यार्डांवर ताशी एका मैलाचा आडवा वारा नजरेतून सुटला, तरी .३०८ ची गोळी सुमारे आठ-नऊ इंच बाजूला जाते. वाऱ्याचे निशाण वाचण्यात घालवायचा रविवार दारूच्या दाण्यांमागे घालविण्याचा हा मोह नवख्यांमध्ये विशेष आढळतो. बाकावरची प्रगती आकड्यांत दिसते, वाऱ्याची समज आकड्यांत दिसत नाही, हे त्याचे कारण असावे.

पुराव्याची किंमत

मोठ्या संख्येने चाचणी घेण्याचा सल्ला शास्त्रशुद्ध असला तरी तो नेमक्या गैरसोयीच्या काळात आला. दहा मापांच्या प्रत्येकी तीस गोळ्या म्हणजे तीनशे काडतुसे. त्यात गोळी बसविण्याच्या खोलीची चाचणी मिळवली की संख्या दुप्पट होते. .३०८ ची नळी काही हजार गोळ्या टिकते. अधिक वेगाच्या काही काडतुसांत मात्र स्पर्धेच्या दर्जाची अचूकता हजार-दीड हजार गोळ्यांतच ओसरते. अशा नळीचे अर्धे आयुष्य तिच्यासाठी योग्य माप शोधण्यातच संपावे, हा विचित्र हिशेब आहे.

दुसरीकडे सामग्रीचा बाजार २०२० पासून स्थिरावलेला नाही. करोना साथीच्या काळात अमेरिकेत बंदुकांची खरेदी प्रचंड वाढली. त्याच वर्षी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि प्रायमर दुकानांतून नाहीसे झाले. ती टंचाई ओसरते न ओसरते तोच फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. तोफगोळा दूर फेकणारी दारू आणि रायफलीच्या काडतुसातील दारू, दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे नायट्रोसेल्युलोज. २०२३ च्या अखेरीस व्हिस्टा कंपनीने बंदुकीच्या दारूच्या जागतिक टंचाईचा हवाला देऊन जानेवारी २०२४ पासून दरवाढ जाहीर केली.

नायट्रोसेल्युलोजचा कच्चा माल वाचकांना परिचित आहे. सरकीवरून कापूस काढून घेतल्यावर तिला चिकटून राहणारा तोकडा तंतू, ज्याला लिंटर म्हणतात, त्यापासून ते बनते. ऱ्हाइनमेटल या जर्मन कंपनीचे प्रमुख आर्मिन पापरगर यांनी २०२४ मध्ये सांगितले होते की युरोप या तंतूसाठी सत्तर टक्क्यांहून अधिक प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. त्यापुढील वर्षी जर्मनीतील नायट्रोसेल्युलोजचे दोन उत्पादक शस्त्रउद्योगाकडे गेले. वाल्सरोडे येथील कारखाना चेकोस्लोव्हाक ग्रुपने घेतला, तर ओस्नाब्रुकची हागेडोर्न ही कंपनी ऱ्हाइनमेटलने. यापूर्वी रंग, लाख आणि छपाईची शाई यांसाठी माल बनविणारे हे कारखाने होते.

क्रीडा नेमबाजांच्या आवडत्या दारूंचे उगमस्थान पाहिले तरी हेच चित्र दिसते. फिनलंडमधील विहताव्हुओरी ही कंपनी २०१४ पासून नाम्मो या नॉर्डिक संरक्षण समूहाच्या मालकीची आहे. हॉजडन कंपनीच्या नावाने अमेरिकेत विकली जाणारी व्हार्गेट ही दारू ऑस्ट्रेलियातील मुलवाला येथे, तेथील लष्करालाही दारू पुरविणाऱ्या कारखान्यात तयार होते. लष्कराची मागणी वाढली की क्रीडा बाजाराचा क्रमांक शेवटचा लागणार, हे ओघाने आलेच. नेमबाजाला यात केवळ दरवाढीचा फटका बसतो असे नाही. आपल्या दारूचा लॉट संपला आणि त्याच नावाची दारू वर्षभर मिळालीच नाही, तर त्याला दुसरी दारू घेऊन पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. तीनशे गोळ्यांचा तो पुरावा त्या लॉटबरोबरच निकालात निघतो.

यामुळे अनुभवी खेळाडूंमध्ये आता वेगळा कल दिसतो. अनेकांनी वापरून सिद्ध केलेले मध्यम माप निवडायचे, वीस-तीस गोळ्यांनी ते एकदाच तपासायचे आणि पूर्ण नळी झिजेपर्यंत पुरेल एवढी दारू व प्रायमर एकाच लॉटमधून घेऊन ठेवायचे. ज्याच्याकडे एकदम पैसे घालण्याची ऐपत आहे, त्यालाच हे जमते, ही त्यातील अडचण. हाताने काडतुसे भरण्याची प्रथा पूर्वी बहुतेकांनी काटकसरीसाठी उचलली होती, हे येथे नमूद करायला हवे.

भारतीय नेमबाजासमोरील प्रश्न

भारतात ही वाट बहुतांशी बंद आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ती बनविण्याची यंत्रसामग्रीही येते, तर कलम ५ नुसार निर्मितीसाठी स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीसाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. काडतुसांच्या प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर होत असलेल्या देशात घरगुती भरणीला मोकळीक मिळावी, असे म्हणणे व्यवहार्य नाही. बेकायदा शस्त्रांचा प्रश्न पाहता शासनाची सावधगिरी समजण्यासारखी आहे. शिवाय ऑलिंपिकमधील .२२ चे काडतूस हाताने पुन्हा भरता येतच नाही, कारण त्याचे स्फोटक मिश्रण वेगळ्या प्रायमरमध्ये नसून पुंगळीच्या कडेत असते आणि फायरिंग पिनच्या आघाताने ती कड चेपून जाते.

सारखेपणाचा शोध मात्र तेथेही सुटत नाही. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. प्राथमिक फेरीत साठ गोळ्यांत त्याचे ५९० गुण होते आणि तो सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत आला होता. इतक्या अरुंद फरकाच्या खेळात काडतुसाची निवड ही चैनीची बाब राहत नाही. ब्रिटनची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि लापुआ या कंपन्यांचे एकाच नावाचे वेगवेगळे लॉट एकाच नळीतून वेगवेगळे चालतात. म्हणून खेळाडू आपली नळी घेऊन उत्पादकांच्या चाचणी केंद्रावर जातात, तेथे ती शिकंज्यात पकडून लॉटमागून लॉट झाडून पाहिले जातात आणि जुळलेला लॉट मोठ्या संख्येने विकत घेतला जातो. हातभरणी करणारा माप बदलतो, .२२ चा नेमबाज लॉट बदलतो. पाच-दहा गोळ्यांवर लॉट निवडण्याचा धोका मात्र दोघांना सारखाच आहे.

केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये नेमबाजांना सरावासाठी बाळगता येणाऱ्या काडतुसांची वार्षिक मर्यादा बरीच वाढविली, हे पाऊल या दृष्टीने उपयुक्त ठरले. एका लॉटमधून वर्षभराचा साठा घेण्याला त्यामुळे वाव मिळाला. परंतु उच्च दर्जाचे स्पर्धा-काडतूस अजूनही आयातीवर अवलंबून आहे. विशेष म्हणजे खडकी आणि वरणगाव येथे लहान शस्त्रांची काडतुसे, तर भंडारा येथे दारू बनविणारे सरकारी कारखाने आहेत आणि त्यांचे नियंत्रण करणाऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात आहे. कापूसही याच राज्यात पिकतो. या कारखान्यांचे प्राधान्य सैन्यदलांना आहे आणि ते तसेच राहणार. स्पर्धेचे काडतूस बनविण्यासाठी लागणारी चाचणीची शिस्त आणि त्याची मर्यादित मागणी पाहता कोणताही उत्पादक त्यात सहजासहजी उतरणार नाही.

दरम्यान, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पात्रता मिळवू पाहणाऱ्या रायफल नेमबाजांना आपले लॉट त्याआधीच निवडून ठेवावे लागतील. एखाद्या लॉटची काडतुसे दुसऱ्या देशाच्या महासंघाने आधी उचलली, तर तो लॉट पुन्हा तयार होत नाही.